दोनशे ऐंशी खांब, शंभर चेहरे

स्कॉटलंडच्या वायव्येला अटलांटिकच्या तोंडावर लुईस नावाचं बेट आहे. स्टॉर्नोवे हे तिथलं एकमेव शहरवजा गाव. २०१८ सालाच्या अखेरीस स्टॉर्नोवेच्या बंदरात, भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात, एका जहाजाची आकृती उभी राहिली. तिला ना डेक होता, ना धुराडं. किनाऱ्यात रोवलेले लाकडी खांब तेवढे होते, तेही एका खऱ्या जहाजाच्या लांबीरुंदीचा हिशेब धरून रोवलेले. खांब होते २८०. त्यांतले २०१ बुडालेल्यांचे, ७९ वाचलेल्यांचे. अंधार पडला की त्यांच्यावर दिवे लागत आणि गावाच्या समोर, अगदी घरच्या बंदरात, ते जहाज येऊन ठेपल्यासारखं दिसे.

खरं जहाज मात्र त्याच्या शेवटच्या फेरीत तिथवर पोहोचलंच नाही. १ जानेवारी १९१९च्या पहाटे दोनच्या सुमाराला ते बंदराच्या तोंडाशी असलेल्या खडकांवर आदळलं. किनारा जेमतेम २० यार्डांवर होता. बंदरातले दिवे दिसत होते. मरणारे जवळजवळ सगळे त्याच बेटाचे होते, आणि चार वर्षांचं महायुद्ध संपवून घरी चालले होते.

जहाजाचं नाव आयोलेअर. मुळात ती १८८१ साली बांधलेली, श्रीमंतांच्या हौसेची वाफेवरची यॉट. युद्धात नौदलाने ती गस्तीसाठी घेतली होती. २०१ माणसं एका रात्रीत जाणं ही कुठल्याही देशाच्या दृष्टीने मोठीच दुर्घटना. पण लुईसच्या बाबतीत आकड्याच्या आजूबाजूचे आकडे पाहायला हवेत. बेटाची लोकसंख्या तीस हजारांच्या आत-बाहेर. त्यातून सहा हजारांवर माणसं युद्धावर गेली आणि त्यांपैकी सुमारे हजार परतलीच नाहीत. म्हणजे युद्धाने आपला वाटा आधीच उचलला होता. ११ नोव्हेंबर १९१८ला शस्त्रसंधी झाली तेव्हा ज्या घरांनी सुटकेचा श्वास सोडला, त्यांतल्या कित्येक घरांवर सात आठवड्यांनी ही वेळ आली.

लुईसची माणसं नौदलात एवढ्या संख्येने का होती, हेही सांगायला हवं. बेटावर शेती म्हणजे खडकाळ जमिनीचे लहान लहान तुकडे, तेही खंडाने कसायचे. पोट भरायचं ते समुद्रावर. मासेमारी करणाऱ्या तरुणांसाठी रॉयल नेव्हल रिझर्व्ह ही राखीव नौदलाची नोकरी सोयीची होती. वर्षातले काही आठवडे स्टॉर्नोवेच्या किनाऱ्यावरच्या ‘बॅटरी’ नावाच्या तळावर कवायत आणि तोफांचा सराव करायचा, त्याचा मोबदला घ्यायचा आणि उरलेलं वर्ष आपली होडी सांभाळायची. युद्ध सुरू होताच हे सगळे राखीव नाविक एकदम बोलावले गेले. गावंच्या गावं तरुणांविना झाली.

३१ डिसेंबर १९१८. त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये, विशेषतः कडक प्रेस्बिटेरियन वळणाच्या भागांत, नाताळ फारसा साजरा होत नसे. सण म्हणजे नववर्षाचा, होगमनेचा. मध्यरात्रीनंतर उंबरठा ओलांडणारा पहिला पाहुणा कोण, याला फार महत्त्व. त्या वर्षी घराघरांत तो पाहुणा ठरलेला होता. मुलं जागी ठेवली होती, चुलीतल्या पीटचा, म्हणजे वाळवलेल्या दलदली मातीचा, विस्तव विझू द्यायचा नाही असं बजावलं होतं.

इकडे मुख्य भूमीवरच्या काईल ऑफ लोकाल्श या बंदरात दोन आगगाड्या भरून नाविक उतरले. बेटाची नेहमीची टपालबोट शीला. ती एवढ्या माणसांना पुरणारी नव्हती. म्हणून स्टॉर्नोवेहून आयोलेअर मागवण्यात आली. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला ती सुटली. तिच्यावरच्या लाइफबोटींत माणसं मावणार होती शंभरेक, आणि जीवरक्षक पट्टे होते ८०. प्रवासी आणि खलाशी मिळून माणसं त्याच्या कितीतरी पट. या हिशेबाकडे त्या संध्याकाळी कुणी पाहिलं नाही. सण होता, युद्ध संपलं होतं, आणि सगळ्यांना घरी जायचं होतं.

वाटेत रात्र काळीकुट्ट झाली आणि दक्षिणेचा वारा वाढत गेला. स्टॉर्नोवेकडेच चाललेली स्पायडर नावाची एक मासेमारी बोट त्या सुमाराला जवळपास होती. आयोलेअर तिला मागे टाकून पुढे गेली. बंदरात शिरण्यासाठी जिथे वळायला हवं, तिथे आयोलेअर वळत नाहीये, हे स्पायडरवरच्या माणसांच्या लक्षात आलं. ती माणसं जन्मापासून त्या पाण्यात वावरलेली. आयोलेअरच्या पोटात त्यांच्यासारखेच दोनशेहून अधिक लोक बसले होते. त्यांना तो किनारा तळहातासारखा ठाऊक होता. पण ते प्रवासी होते. सुकाणूवर त्यांच्यातलं कुणी नव्हतं.

‘बीस्ट्स ऑफ होम’ असं त्या खडकांचं इंग्रजी नाव. बेटावरच्या गेलिक भाषेत बीस्तन हुइल्म. पहिल्या धडकेतच बोट कलली. खाली टाकलेल्या लाइफबोटी लाटांनी आपटून भरल्या, उलटल्या. किनारा हाताच्या अंतरावर दिसत होता म्हणून काहींनी उड्या मारल्या. अंगावर नौदलाचे जाड लोकरी कोट, पायांत जड बूट. शिवाय समुद्रावर आयुष्य काढणाऱ्या त्या माणसांतल्या अनेकांना पोहता येत नव्हतं. ही गोष्ट कोकणातल्या माणसाला जेवढी विचित्र वाटेल तेवढी उत्तर अटलांटिकच्या माणसाला वाटत नाही: त्या गारठ्यात पाण्यात पडलेला माणूस पोहता आलं तरी फार वेळ टिकत नाही, मग शिकायचं कशाला, असा तिथला व्यवहार. आणि खडकांपाशी तर पोहणंही कामाचं नव्हतं. लाट माणसाला उचलून दगडावर आपटत होती.

त्या रात्री जे वाचले त्यांतले निम्मेअधिक एका दोरीमुळे वाचले. पोर्ट ऑफ नेस या बेटाच्या उत्तर टोकाच्या गावचा जॉन फिनले मॅक्लाउड हा होड्या बांधणाऱ्या घरातला माणूस. त्याने हीव्हिंग लाइन हाताला गुंडाळली आणि तो पाण्यात उतरला. हीव्हिंग लाइन म्हणजे जहाज धक्क्याला लावताना आधी फेकतात ती बारीक दोरी. ती एकदा पलीकडे पोहोचली की तिला बांधून जाडजूड दोरखंड ओढून घेतात. माणसाचं वजन पेलायचं काम त्या दोरखंडाचं. मॅक्लाउड लाटांच्या माऱ्यातून काठावर पोहोचला, मागून आलेल्यांनी दोरखंड ओढला, खडकात पाय रोवून धरून ठेवला आणि त्याला लोंबकळत एकेक माणूस बाहेर येऊ लागला. असे सुमारे ४० जण आले. सगळेच पोहोचले असं नाही. दोरावरून निम्म्या वाटेत लाटेने ओरबाडून नेलेलेही होते.

वाचलेले अंधारात चाचपडत जवळच्या स्टोनीफील्ड नावाच्या शेतघरापर्यंत गेले आणि तिथून बातमी गावात पोहोचली. बचावाचं साहित्य जागेवर येईपर्यंत करण्यासारखं काही उरलं नव्हतं. उजाडलं तेव्हा पाण्याबाहेर डोलकाठी तेवढी दिसत होती आणि तिला एक माणूस बिलगलेला होता. नेसकडचाच डोनाल्ड मॉरिसन. त्याला सकाळी उतरवून घेतलं.

गावागावांतून बापे आणि भाऊ घोडागाड्या घेऊन स्टॉर्नोवेकडे निघाले. प्रेतं ठेवली होती बॅटरीवर. जिथे या पोरांनी पहिल्यांदा नौदलाचा गणवेश चढवला, कवायत केली, तिथेच त्यांना ओळीने निजवलं होतं. किनाऱ्यावर सामान वाहून येत होतं. त्यात लहान मुलांसाठी घेतलेली खेळणी होती. एकतृतीयांशाच्या आसपास मृतदेह कधी मिळालेच नाहीत.

ओळख पटवतानाची एक अडचण बेटाच्या रीतीतूनच आली. लुईसवर आडनावं मोजकी: मॅक्लाउड, मॅकडोनाल्ड, मॉरिसन, मॅकायव्हर, मॅके. पाळण्यातली नावंही मोजकी, कारण आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. आपल्याकडे एका वाडीत पाच पांडुरंग निघावेत तसे तिथे मृतांच्या यादीत जॉन मॅक्लाउड आणि डोनाल्ड मॅकडोनाल्ड निघतात. म्हणून तिथे माणूस सांगायचा तर गाव, घराचा क्रमांक, बापाचं आणि आजाचं नाव आणि बहुतेक वेळा एखादं टोपणनाव लागतं. सरकारी यादीला यातलं काहीच पुरेसं कळत नव्हतं. पुढे शंभर वर्षांनी जी कलाकृती उभी राहिली तिचं मूळ या तपशिलात आहे, म्हणून तो इथे नोंदवला.

चौकशा दोन झाल्या. नौदलाची जानेवारीत, बंद दाराआड. जहाजावरचा एकही अधिकारी जिवंत नसल्याने कारण सांगता येत नाही, एवढाच तिचा निष्कर्ष. तिची कागदपत्रं १९७० पर्यंत लोकांना पाहायला मिळाली नाहीत. दुसरी चौकशी फेब्रुवारीत, स्टॉर्नोवेमध्ये, ज्युरीपुढे, जाहीर. ज्युरीने स्पष्ट म्हटलं की बंदराकडे येताना अधिकाऱ्यांनी पुरेशी सावधगिरी बाळगली नाही, वेग कमी केला नाही, टेहळणीला माणूस नव्हता, आणि जीव वाचवण्याची साधनं अपुरी होती. याहून पुढे काही झालं नाही. मधल्या काळात नौदलाने एक काम मात्र तत्परतेने केलं. अनेक मृतदेह पाण्यातच होते तेव्हा, दुर्घटनेला धड दोन आठवडे होतात न होतात तोच, फुटलेलं जहाज विकायला काढलं. कार्यालयीन शिस्त अशी असते. बेटाने ती विसरली नाही.

मग जे झालं ते शोकाच्या इतिहासात फारसं दिसत नाही. लोक बोलायचे बंद झाले. बायका घरात त्या रात्रीचं नाव काढीनात. वाचलेले बापे तर त्याहून गप्प. कारण ज्या गावात ते परतले होते तिथे शेजारच्या दारात बोटीवर त्यांच्याच बाकावर बसलेला कुणी परतलेला नव्हता. विधवा आई आणि वाचलेला शेजारी एकाच प्रार्थनास्थळात दर रविवारी समोरासमोर येत, आणि विषय निघत नसे. कित्येक नातवंडांना आपला आजा आयोलेअरवर होता हे त्याच्या मृत्यूनंतर कळलं.

गप्प राहण्याला दुःखापलीकडचीही कारणं होती. युद्धावरून आल्यावर जमीन देऊ, असं आश्वासन या माणसांना मिळालं होतं. १९१८ साली साबणाचे कारखानदार लॉर्ड लेव्हरह्युल्म यांनी अख्खं लुईस विकत घेतलं. त्यांच्या डोक्यात मासळी-उद्योगाचे बेत होते, शेतीचे तुकडे पाडणं त्यांना मंजूर नव्हतं. परतलेल्या सैनिकांनी शेतजमिनींत घुसून खुंट ठोकले. हा झगडा चालू असतानाच मासळीचा बाजार बसला. एप्रिल १९२३ मध्ये मेटागामा नावाचं जहाज स्टॉर्नोवेहून सुमारे ३०० तरुण-तरुणींना घेऊन कॅनडाला गेलं. नऊ वर्षांत बेटाने तरुण पिढी तीन वेळा गमावली: युद्धात, आयोलेअरवर, आणि स्थलांतरात. आठवण जपायला घरात माणूस तर हवा.

तरीही काही माणसांनी ती धरून ठेवली. मर्डो मॅकफार्लन हे मेलबोस्ट गावचे गेलिक कवी. त्यांनी आयोलेअर फुटली त्या रात्रीवर गाणं रचलं आणि ते बेटावर रुजलं. पुढे याच बेटावर वाढलेल्या इयन क्रिक्टन स्मिथ यांनीही आयोलेअरवर कविता लिहिली. ज्या विषयावर चुलीपाशी बोलता येत नव्हतं तो गाण्यात चालत असे. गेलिक समाजात गाणं ही बऱ्याच अंशी नोंदवहीच आहे. खडकांजवळच्या होमच्या टोकावर दगडी स्मारकस्तंभ उभारला गेला तो १९५८ मध्ये, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी.

खरी कलाटणी मात्र स्मारकाने नाही, वह्यांनी दिली. १९७७ मध्ये नेस भागातल्या लोकांनी कम्युन एअखद्री निश ही स्थानिक इतिहास मंडळी स्थापन केली. पाठोपाठ बेटाच्या इतर भागांत तशी मंडळं निघाली. यांत विद्यापीठातले इतिहासकार थोडे. शिक्षक, विणकर, कोळी, निवृत्त बायाबापड्या जास्त. त्यांनी घराघरांतून फोटो गोळा केले, प्रत्येक फोटोमागे माणसाचं नाव, बापाचं नाव, घराचा क्रमांक आणि टोपणनाव लिहिलं, वयस्कर माणसांचं बोलणं टेपवर घेतलं. १९७८ साली तोर्मोद कालम डोनलाख यांचं गेलिकमधलं पुस्तक आलं. २००९ मध्ये जॉन मॅक्लाउड यांचं इंग्रजी. शताब्दीच्या वर्षी ‘द डार्केस्ट डॉन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने बोटीवर असलेल्या माणसांचा एकेक करून माग काढला. जहाजावर नेमके किती जण होते यावर शंभर वर्षं वेगवेगळे आकडे फिरत होते, कारण काईलच्या धक्क्यावर घाईत धड यादीच केली गेली नव्हती. २८० हा आकडा नौदलाच्या दप्तराने दिलेला नाही. तो गावच्या माणसांनी नावावर नाव ठेवून जमवला आहे.

चित्रकार मार्गारेट फर्ग्युसन यांचं प्रदर्शन या पार्श्वभूमीवर पाहावं लागतं. शताब्दीसाठी त्यांनी आयोलेअरवरच्या शंभर जणांची व्यक्तिचित्रं रंगवली. शंभर वर्षांची शंभर चित्रं, हा हिशेब सोपा आहे. पण ज्याच्या आधारावर ती काढायची ते फोटो कुठून येणार? पहिल्या महायुद्धातल्या साध्या नाविकाचा फोटो म्हणजे बहुधा भरतीनंतर एखाद्या बंदरगावच्या स्टुडिओत पोस्टकार्डाच्या आकारात काढलेला एकुलता एक फोटो. मागे रंगवलेला पडदा, हात खुर्चीच्या पाठीवर, चेहरा ताठ. डोक्यावर नौदलाची गोल टोपी. तो फोटो घरी येतो, भिंतीवर लागतो, आणि १ जानेवारी १९१९ नंतर एक तर तिथेच काळवंडतो किंवा पेटीच्या तळाशी जातो.

व्यक्तिचित्रात नेमकं काय बदलतं, हा प्रश्न कलेच्या बाजूने महत्त्वाचा आहे. स्टुडिओतला फोटो गणवेशाचा असतो. सगळे एकसारखे दिसावेत हाच गणवेशाचा हेतू. फोटोवरून चित्र रंगवताना चित्रकाराला प्रत्येक चेहऱ्याशी स्वतंत्र बसावं लागतं: हा कान जरा बाहेर आलेला, याची मिशी नुकती फुटलेली, हा चाळिशीचा, चार पोरांचा बाप असावा असा. अशी शंभर चित्रं एका भिंतीवर आली की बघणारा माणूस आकडा विसरतो आणि तोंडावळे शोधू लागतो. लुईससारख्या ठिकाणी तर हे अक्षरशः घडतं, कारण त्या चेहऱ्यांची नाकं आणि हनुवट्या अजून बेटावर हिंडत आहेत.

मोठ्या शहरातल्या महायुद्धाच्या प्रदर्शनांपेक्षा हे वेगळं आहे ते इथे. लंडनमध्ये २०१४ साली टॉवरच्या खंदकात ८,८८,२४६ मातीची लाल पॉपी फुलं लावली गेली. ब्रिटिश साम्राज्याच्या प्रत्येक मृत सैनिकामागे एक. लाखो लोक पाहायला गेले. दृश्य भव्य होतं यात वाद नाही, पण त्यातलं कुठलं फूल कुणाचं, हे विचारायची सोय नव्हती. स्टॉर्नोवेच्या खांबांबाबत आणि चेहऱ्यांबाबत ती सोय होती. तिथे येणारा माणूस प्रेक्षक कमी आणि वारस जास्त होता. अशा ठिकाणी चित्रकाराची जबाबदारी वाढते. चेहरा चुकला तर भिंतीसमोर उभी असलेली नात ते लगेच सांगते.

बंदरातली खांबांची आकृती ‘शोल अन आयोलेअर’ ही तेव्हा पत्रकार असलेले टॉरक्विल क्रिक्टन आणि कलाक्षेत्रातले माल्कम मॅक्लेन यांची कल्पना. तिची ताकद तिच्या जागेत होती. ती कलादालनात असती तर तिकीट काढून पाहायची वस्तू झाली असती. बंदरात ती दुकानात जाता-येताना दिसायची, पावसात दिसायची, भरतीच्या पाण्यात निम्मी बुडायची. ज्या गावाने शंभर वर्षं त्या दिशेला पाहणं टाळलं त्याच्या डोळ्यांपुढून ते जहाज महिनोन्महिने हललं नाही.

तिकडे होमच्या टोकावर विल मॅक्लेन, मॅरियन लेव्हन आणि आर्थर वॉटसन या कलावंतांनी ब्राँझमध्ये एक शिल्प बसवलं: गुंडाळून ठेवलेली हीव्हिंग लाइन. जॉन फिनले मॅक्लाउडची दोरी. विल मॅक्लेन हे या बेटाला नवे नव्हते. जमिनीसाठी लढलेल्यांची दगडी स्मारकं त्यांनी १९९०च्या दशकात गावकऱ्यांच्या साथीने इथे उभी केली होती. नौदलाच्या स्मारकांत नांगर असतो, तोफ असते, मुकुट असतो. इथे रोजच्या वापरातली दोरी आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते शताब्दीच्या सगळ्या कामांत हीच निवड सर्वांत अचूक आहे, कारण ती मरणाइतकीच वाचवण्याचीही आठवण ठेवते, आणि वाचवणारा कुणी अधिकारी नव्हता हेही न बोलता सांगते.

संगीतही आलं. स्टॉर्नोवेच्या अन लान्टर या कलाकेंद्राने शताब्दीसाठी नवी कामं करून घेतली. फिडलवादक डंकन चिझम आणि गेलिक गायिका ज्युली फाउलिस यांनी ‘अन त्रेश सुआले’, म्हणजे तिसरी लाट, ही रचना केली. लुईसचे संगीतकार इयन मॉरिसन यांनी ‘साल’ ही दुसरी. मॉरिसन यांचे पणजोबा आयोलेअरवर बुडाले होते. पारंपरिक पाइप संगीताच्या शोकधुनींतून त्यांनी ती बांधली.

सरकार आलं ते सगळ्यांत शेवटी. १ जानेवारी २०१९ला होमच्या स्मारकापाशी तेव्हाचे युवराज चार्ल्स आणि स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांच्या उपस्थितीत सोहळा झाला. त्याच वेळी लॉक सीफोर्थ ही बेटाची फेरीबोट खडकांजवळ थांबली आणि शाळकरी मुलांनी २०१ कार्नेशनची फुलं समुद्रात सोडली. नौदलाने ज्या बेटाच्या मृतांवर जहाजाच्या लिलावाची जाहिरात टाकली, त्याच बेटावर राजघराण्याने शंभर वर्षांनी मान तुकवली, असा हा प्रसंग. तो योग्यच होता. पण तो शक्य झाला तो गावच्या मंडळांनी चाळीस वर्षं फोटोंमागे नावं लिहिली म्हणून, हे विसरलं तर शताब्दीची गोष्ट उलटी सांगितल्यासारखं होईल. आधी वही, मग चित्र, आणि मग पाहुणे, असा तो क्रम आहे.

हे सगळं वाचताना मुंबई-कोकणच्या वाचकाला ‘रामदास’ आठवल्याशिवाय राहणार नाही. १७ जुलै १९४७, गटारीचा सण. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ पावसाळी लाटांत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. तीही सणाला घरी चालली होती, तीही किनाऱ्यापासून लांब नव्हती. बोटीवर वायरलेस नव्हता. बातमी पोहोचली ती पोहून आलेल्यांकडून. महिन्याभरात स्वातंत्र्य आलं आणि त्या गदारोळात ही बातमी वर्तमानपत्रांच्या मागच्या पानांवर गेली. त्याच्या वीस वर्षं आधी, ११ नोव्हेंबर १९२७ला, एकाच वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी बुडाल्या होत्या. त्यांची नावं तर आता जुन्या माणसांच्या बोलण्यातच उरली आहेत.

रामदासच्या वेळी दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. अलिबाग, पेण, उरण, मुरूड आणि गिरगाव-परळच्या चाळींमधून त्या बोटीवर गेलेल्यांचे फोटो अजून कुणाच्या ना कुणाच्या पेटीत असतील. ज्यांच्याकडे असतील त्यांनी एवढं करावं: फोटोच्या मागे पेन्सिलीने पूर्ण नाव, गाव, आळी आणि आपलं नातं लिहावं, त्याची एक प्रत काढून गावच्या वाचनालयात द्यावी, आणि घरातलं वयस्कर माणूस बोलायला तयार असेल तर मोबाइलवर त्याचं बोलणं टिपून घ्यावं. चित्रकार नंतर मिळतो. नाव सांगणारं माणूस नंतर मिळत नाही.